चार मिनिटं वीस सेकंद

कंपनीचा राउटर पांढरा, गुळगुळीत,
साबणदाणीसारखा सभ्य.
त्याचं वायफाय जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत यायचं
आणि तिथेच बसकण मारायचं,
गुडघे धरल्यासारखं.

म्हणून सलीलचा काढला मी, त्याच्या खोलीतल्या बुटांच्या खोक्यातून:
काळा, सहा अँटेनांचा,
उलट्या पडलेल्या खेकड्यासारखा.
शाळेच्या शेवटच्या वर्षी सुपरमार्केटात रात्री माल लावून
घेतला होता त्यानं.
ॲबर्डीनला जाताना म्हणाला, असू दे इथेच.

स्विंडनला नोव्हेंबरात साडेचारला अंधार.
दिवा लावला, चष्मा लावला,
भिंतीतली वायर याच्यातून काढून त्याच्यात घातली.
युजरनेम, पासवर्ड कंपनीच्या पत्रावरून
एकेका अक्षरावर बोट ठेवून,
एक्स-रेच्या आधी पेशंटला
नाव आणि डावा की उजवा
दोनदा विचारते तसं.

हिरवा दिवा.
फोन चालू, लॅपटॉप चालू,
सातवी पायरी ओलांडून थेट माळ्यापर्यंत चालू.
टीव्हीच्या डब्याला पिवळी वायर जोडली.
चित्र आलं. मी चहा टाकला.
चहा गाळेस्तोवर चित्र थिजलं:
हवामान सांगणारी बाई, तोंड अर्धवट उघडं,
तळहात बरोबर स्कॉटलंडवर.

चॅनल बदलला. आलं. थिजलं.
डबा बंद करून चालू केला. आलं. थिजलं.
शेवटी घड्याळ लावून बसले.
चार मिनिटं वीस सेकंद. दर वेळी.
इतकं वक्तशीर या घरात कधी कोणी नव्हतं.

कंपनीला फोन. अठ्ठावीस मिनिटं सॅक्सोफोन,
मग स्वान्सीचा कोणी ग्विन, आवाजात गूळ:
"राउटर आमचाच आहे ना, मॅडम?"
"नाही. माझ्या मुलाचा."
"मग त्याचं काय चाललंय ते आम्हाला नाही सांगता येणार."
म्हटलं, मलाही नाही.

मग त्यालाच लावला. रविवार नव्हता,
म्हणून हॅलोच्या आधी "काय झालं?"
सांगितलं.
हसला. बऱ्याच दिवसांनी.
"सेटिंग्जमध्ये जा. खाली. अजून खाली.
आई, ते चित्र प्रत्येक घराला वेगळं पाठवत नाहीत गं.
एकच निघतं, आणि ज्याला हवंय त्याच्या दारात वळतं.
राउटरनं दर दोन मिनिटांनी हाक मारायची असते,
कोणी बघतंय का अजून?
डब्यानं म्हणायचं, हो, आहे.
हाकच गेली नाही तर डबा गप्प.
थोडा वेळ थांबतात,
मग समजतात, या घरात कोणी नाही."

"डब्यानं आपणहून सांगायला काय होतं?"
"तसं ठरलेलं नाहीये."

मी स्क्रीनकडे बघत राहिले.
माउस तळहाताला चिकटला होता.
"त्या चौकोनात टिक केलीस?"
"केली."
"सेव्ह?"
"केलं."
खेकड्याचे सगळे दिवे गेले,
मग एकेक करून परत आले, रुसल्यासारखे.

चित्र आलं.
कुठल्याशा गावच्या लिलावात
एक खुर्ची उलटी करून तिचे पाय तपासत होते.
"आलं ना? ठेवू मग?"
"थांब," म्हटलं, "चार मिनिटं वीस सेकंद होऊ देत."

पहिलं मिनिट तसंच गेलं.
त्याच्या मागे कोणीतरी भांडी घासत होतं.
कोण, ते मी विचारलं नाही.
मग विचारलं.

इओना, म्हणाला.
आमटी आवडते तिला. हिंग नाही सोसत.
म्हटलं, फोडणीत आधी घालत जा,
वरून काय घालतोस.

खुर्ची पंचावन्न पौंडांना गेली.
त्यानंतर एक घड्याळ आलं, बंद पडलेलं,
आणि तेही कोणीतरी घेतलं.