मधला भाग

अंबडच्या शेडमध्ये मी फोनचे सेल छळते.
पदाचं नाव याहून बरंच लांब आहे,
पण आईला एवढंच सांगते:
तुझ्याकडे पुरी टम्म फुगली की पास,
माझ्याकडे नापास.

पंचेचाळीस अंशांच्या पेटीत
पाचशे वेळा भरायचे, पाचशे वेळा उपसायचे.
वरच्यांना दोन दिवस चालणारा फोन हवा,
शिवाय खिशात आहे हे कळू नये इतका पातळ.
मग आम्ही आतला काळा लेप जाड करतो,
आणि लेप जाड झाला की लिथियम वरवरच अडकतं.
पंगतीत वाढपी पहिल्या ओळीतच भात संपवतो,
मधली माणसं पत्रावळीकडे बघत बसतात.
तसं.

म्हसरूळला नर्मदा आहेर कातडी वाढवते.
माणसाची. काचेच्या बशीत, सदतीस अंशांवर.
गुलाबी पाणी दर दोन दिवसांनी बदलायचं,
रविवारीसुद्धा, भावाच्या हळदीला हातभर बांगड्या
कोपरापर्यंत सरकवून, वर हातमोजे चढवूनसुद्धा.
'पातळ असते तोवर गुणी,' ती म्हणाली,
'जाड करायला घेतली की
वरून टवटवीत, आत मेलेली.
रक्तवाहिनी नाही ना. श्वास मधल्यापर्यंत जातच नाही.'

टपरीवर माझ्या चहावर साय धरली.
अगं, म्हटलं, हे तर माझंच दुखणं आहे,
तुझ्या घरी कधी गेलं?

तिचे चुलते दिंडोरीहून कात्री घ्यायला आले होते.
दोघींचं सगळं ऐकून घेतलं, बशीत चहा ओतला,
आणि म्हणाले, 'घड गच्च झाला की आतला मणी कुजतो.
म्हणून विरळणी. चांगले मणी कापताना बायकांचा हात थबकतो,
पण कापायचेच. वारं आत जायला पाहिजे.'

त्या आठवड्यात तिने बशीत साखरेचे धागे अंथरले,
विरघळून जातील, मागे बोगदे ठेवतील असे.
मी लेझरने लेपाला भोकं पाडली.
तिच्या बोगद्यांपैकी अर्धे ढासळले.
माझा सेल भरला झकास,
पण दोन दिवसांचा दीड झाला,
आणि मीटिंगमध्ये कुणी तरी विचारलं,
भोकांचे पैसे कोण देणार?

मार्चमध्ये सिव्हिलला दिगंबर भोये आला.
पेठचा, वय एकोणीस, पाठीवर डिलिव्हरीची बॅग,
त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलला थांबलेला असताना
खिशात फोन फुटला. डावी मांडी.
नर्मदाकडे तीन आठवड्यांत तळहाताएवढी कातडी होते,
त्याला लागणार होती तीन तळहात.

तिने मला फोन बघायला बोलावलं. 'नंबर वाचता येईल का?'
पुठ्ठ्याच्या डब्यात, कापसावर,
जसा कुणाचा दुधाचा दात जपावा.
मला ठाऊक आहे काय होतं ते.
आत जागा मिळाली नाही की
लिथियम बाहेरच सुया वाढवत राहतं,
बारीक, रोज थोड्या,
आणि एक सुई कधी तरी पडदा भोसकते.
कडा शाबूत होत्या. कंपनीचं नाव निम्मं दिसत होतं,
आमचंही असेल, आणखी चौघांचंही असेल.
लॉट नंबर मध्यभागी छापतात.
तिथे राख.

मी 'नाही' म्हणाले. खरंच म्हणाले.
तरी घरी येऊन चारदा हात धुतले,
आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या लॉटवर सही करताना
पेन चालत नव्हतं, असं सुपरवायझरला सांगितलं.

काल रात्री पावणेबाराला तिचा मेसेज आला:
'तिसरा तुकडा लावला. कडांनी धरलंय.
मधलं अजून पांढरं दिसतं, पण मला वाटतं की'

एवढंच.
लावला तर बंद.
चार वर्षं जुनी बॅटरी आहे तिची.
बदल, म्हणून किती वेळा सांगितलं.