बाड्याला एक फेरी

माहितीपुस्तिकेत होतं: बारा दिवस, सात गावं,
दगडी गल्ल्या, संथ नदी, ऑक्टोबरचं पिवळं ऊन.
आणि खाली बारीक अक्षरांत,
रोज साधारण सहा किलोमीटर पायी.

त्या बारीक अक्षरांत कुंदाचा उजवा गुडघा अडकला.
अर्धी रक्कम परत आली.
तिबेटी बाजारातला निळा कोट
परत घ्यायला कुणी तयार होईना.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे साडेपाचला
तिने तोच कोट घातला.
लष्करात अजून पंखे चालू होते.
"चला," म्हणाली, "पासपोर्ट राहू द्या, काठी घ्या."

इतका रिकामा बाडा मी चाळीस वर्षांत पाहिला नव्हता.
ठेले ताडपत्रीखाली,
मोजे-रुमालवाले कुठेतरी झोपलेले,
आणि चौकाभोवती त्या इमारती
ज्यांच्या खालून मी रोज मान घालून ऑफिस गाठलं:
खांब, कमानी, घुमट,
कुणाला तरी हौस आली म्हणून
दूरदेशीच्या चित्रांवरून उभे केलेले.

"हे इटली धरा,"
म्हणत ती पोस्टाच्या पायरीवर बसली. गुडघा चोळला.
"पुढचं गाव?"
टाउन हॉल, मी म्हटलं.
"तिथे काय बघायचं?"
कबुतरं.
पाहिली. पुष्कळ होती.
तिसऱ्या देशाच्या दारात गाय रवंथ करत बसली होती,
आम्ही सीमेवरूनच वळलो.

पिवळी पानं तेवढी नाहीत, मी म्हटलं,
आपल्याकडे ती फाल्गुनात गळतात.
शरदात गळतो तो प्राजक्त,
आणि तो राहिला घरी.

तिने कोटाच्या खिशातून मूठ काढली:
निघताना वेचलेली, जराशी चुरगळलेली,
केशरी देठांची.
दगडावर पसरली.
"ही घ्या."

मग पर्समधून पोस्टकार्ड. निरंजनला.
रात्रीच लिहून ठेवलेलं:
सुखरूप पोहोचलो. हवा छान. गर्दी नाही.
बाबा नेहमीसारखे पुढे पुढे चालतात.
लाल पेटीचं झाकण खडखडलं.

मी थबकलो.
खरंच, चार पावलं पुढे होतो.

कोपऱ्यावर कढईत पहिल्या बेडया पडल्या,
झाडूवाल्याने धूळ उडवली,
इटलीवर ऊन आलं.
मी चार पावलं मागे आलो.
काठी तिच्या हातात होती, तेव्हा
कोट मी घेतला.
खिशात अजून दोन-तीन फुलं असावीत,
बोटांना ओलं लागलं.