खिशांची वही

मार्चअखेर. अहवाल सोमवारी द्यायचाय अंबडच्या कंपनीला.
रकाना चार : लाभार्थी संख्या.
रकाना पाच : प्रति लाभार्थी खर्च.
पेठ रोडच्या या पत्र्याच्या शेडमधला पंखा
कागद उडवण्यापुरता फिरतो,
घाम वाळवण्यापुरता नाही.

रोज दुपारी गंगेवरून टेम्पो येतो.
दहाव्याला आलेल्या लोकांनी घाटावर सोडलेले कपडे :
सदरे, लुगडी, नाडी नसलेले पायजमे,
कुणाची निळी कामावरची पँट, गुडघ्याला ग्रीस.
ओले, जड. पाण्यानं जड की आणखी कशानं
ते वजनकाट्याला कळत नाही.
काटा म्हणतो एकशे बारा किलो.
मी एकशे बारा लिहितो.

सुरुवातीला सगळेच म्हणाले,
मयताचं कापड पांघरणार कोण?
हौसाबाई गांगुर्डेंनी पहिली गोधडी घरी नेली,
अख्खा हिवाळा अंगावर घेतली,
आणि शिमग्यानंतर येऊन म्हणाल्या, आता द्या कुणालाही.

त्याच पिंपाखाली जाळ लावतात, सोडा टाकतात,
कडुनिंबाचा पाला टाकतात,
आणि कपडे आत सोडताना काहीतरी पुटपुटतात.
मंत्र आहे का, मी विचारलं एकदा.
"कसला मंत्र. म्हटलं, पाणी कढत आहे, जपून."

ताहेरा उसवायला बसते.
आधी खिसे. कितीही घाई असो, आधी खिसे.
तिची एक शंभर पानी वही आहे,
कुणी ठेवायला सांगितलेली नाही, ऑडिटला लागत नाही :

राखाडी शर्ट. बीपीच्या गोळ्या, चार उरलेल्या.
पांढरा सदरा. सिन्नर-नाशिक, अर्धं तिकीट.
चौकड्याचा. सुपारी, दातानं फोडलेली.
चंची, हिरवी. किल्ली. कशाची?

किल्ल्यांचा डबा वेगळा आहे. आतापर्यंत अकरा.
कुठे कुठे अकरा कुलपं तोडावी लागली असतील.

कंपनीच्या मॅडमना फोटो हवा होता.
सुरगाण्याच्या वसतिगृहातून आम्ही पाठवला :
गोधडी, आणि गोधडीबाहेर एक वेणी.
उत्तर आलं, चेहरा दिसत नाही, हसरी असेल तर बघा.
आता गाढ झोपलेल्या पोरीला
हसायला कसं उठवायचं?

मागच्या बुधवारी सातपूरहून एक मुलगा आला.
हेल्मेट हातातच. वडिलांचा शर्ट, म्हणाला,
गडबडीत चुकून तोच दिला गेला. आई सारखी विचारते.
ताहेरानं पानं उलटली. सतरा जानेवारी.
पिवळट, अर्ध्या बाह्यांचा. वरच्या खिशात पेन, शाई गळलेली.
"हाच," तो म्हणाला. "त्या डागावरून घरात भांडण झालं होतं."

शर्ट नव्हता. शर्टाची सात ठिगळं झाली होती,
ठिगळं धावदोऱ्यात गेली होती,
गोधडी घाट चढून गेली होती.
कुणाकडे, त्यानं विचारलं.
माझ्या यादीत नाव नव्हतं.
माझ्या यादीत दोनशे चौदा होतं.

तो बराच वेळ उभा राहिला.
मग म्हणाला, थंडी असते का तिकडे?
"असते की," हौसाबाई म्हणाल्या. "दहिवर गोठतं."
त्यानं पेन घेतलं, रुमालात गुंडाळलं.
पावती राहू द्या म्हणाला. पावती मी करतच नव्हतो.

तेव्हापासून रकाना चारमध्ये
दोनशे चौदा लिहितो आणि खोडतो.
त्याला धरायचं का? त्याच्या आईला?
वहीतल्या त्या शाईवाल्याला धरायचं का,
ज्याला आपण काहीच दिलं नाही
आणि ज्याच्याकडून सगळं घेतलं?
प्रति लाभार्थी खर्च मग निघणार कसा.

बाहेर हॉर्न. टेम्पो आला.
"लिहिणं ठेवा ओ साहेब," हौसाबाई हाक मारतात,
"आज लुगडी फार आहेत,
एकटीनं पिळवत नाहीत. एक टोक धरा."