वरचा, डावा, पुढचा

खांब चुकत नाही, आपण चुकतो,
असं मुलाणी सर म्हणायचे.
डिसेंबरातल्या त्या सकाळी मी खांबावर झेपावले,
हात निसटला
आणि तोंडात लोखंडाची चव आली.
खांब तर लाकडाचा होता.

सगळ्याजणी गुडघ्यांवर.
कुणाचं कानातलं पडावं तशी माती चाचपत.
"घासू नको बे! मुळाला हात लावू नको!"
सरांना हे कुठून माहीत, कधी विचारलं नाही.
चहाच्या गाडीवरून अर्धा ग्लास थंड दूध,
त्यात माझा दात.
स्कूटरवर पुढे सर, मधे मी,
मागे शकिला, ग्लासवर तळहात ठेवून.
पार्क मैदानापासून नव्या पेठेपर्यंत
एक थेंब सांडू दिला नाही तिनं.

चाळीस मिनिटं,
डॉक्टर हविनाळेंनी घड्याळ बघून कार्डावर लिहिलं.
वय चौदा. वरचा, डावा, पुढचा.
दात जागेवर बसवला, शेजाऱ्यांना तारेनं बांधला.
आई विड्यांच्या सुपावरून तशीच उठून आलेली,
बोटांना तंबाखूचा वास,
एकच विचारत राहिली, राहील का?
"राहील. किती दिवस, ते दातच सांगेल."

तार निघाली. नस काढली.
मग सहा महिन्यांनी एक फोटो,
मग वर्षाला एक.
कडक भाकरी आमटीत बुडवून, वाट बघून,
उजव्या दाढेनं.
गड्ड्याच्या जत्रेत घेतलेला ऊस
हातात धरून घरी आणायचा, भावाला द्यायचा.

सतराव्या वर्षी आरशात दिसलं,
तो मागं राहिलाय.
म्हणजे वर.
जबडा वाढला, खाली उतरला,
शेजारचे दात त्याच्यासोबत निघून गेले.
हा तिथंच, चौदाव्या वर्षात,
हाडाला चिकटून.

डॉक्टर आरशाच्या दांडीनं वाजवून बघायचे.
शेजारचा म्हणायचा ठक.
हा म्हणायचा टिंग,
रिकाम्या पेल्यासारखा.
"हाडानं त्याला आपलं मानलंय," ते म्हणाले,
"आता हळूहळू खाईल."
मला वाटलं चेष्टा करतायत.
आपलं मानल्यावर खातात का?

बघायला आलेले लोक म्हणाले, मुलगी गंभीर आहे.
आई दाराआडून तेलुगूत कुजबुजली, नव्वु. हस.
मी ओठ मिटून हसले.
ते स्थळ मोडलं ते हुंड्यावरून,
पण दोष मी दाताला दिला.
तो थोडाच उलटून बोलणार होता.

एकोणतीस.
हविनाळेंचे केस पांढरे,
उजेडाची पेटी तीच.
सगळे फोटो त्यांनी ओळीनं लावले.
पहिल्यात मूळ, लांब, टोकदार.
मग उंदरानं कुरतडल्यासारखं.
मग धुकं.
शेवटच्यात मूळ नाहीच,
मुळाच्या जागी नुसतं हाड.

"म्हणजे फुकटच गेलं सगळं?"
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"तेव्हा टाकून दिला असता,
तर इथं खड्डा पडला असता, पोरी.
आता नव्या दाताला भिंत शाबूत आहे.
एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात ना,
तसा बसला हा.
पंधरा वर्षं."

दात काढला तो निम्माच निघाला.
निम्मा मीच झाले होते.

रात्री शकिलाला फोन केला.
होटगी रोडला असते, दोन पोरं, आवाज बसलेला.
म्हटलं, गेला गं तो.
बराच वेळ काही बोललीच नाही.
मागं कुकरची शिट्टी झाली.
मग म्हणाली,
"आपण तो ग्लास परत दिला होता का बे?"