अरेखित

पहाटे साडेपाचला दस्तगीर बेपारी
बोकडाच्या आतड्याचा पडदा दोन्ही हातांनी
बल्बाकडे उचलून धरतो
नि म्हणतो, "निधान, मॅडम. शीर ओढू नका, रुसती ती."
मी बोटाच्या पेराएवढी कापून घेते,
थर्मासात सोडते. आत गार मीठपाणी, चिमूटभर साखर.
थर्मास चहाचाच आहे, झाकणावर अजून गुलाब.

शीर रुसते असं कुठल्या पुस्तकात नाही.
पण ओढली गेली की दिवसभर
खरंच बोलत नाही.

प्रयोगशाळेत सदतीस अंश.
काचेच्या नळीत शीर दोन दोऱ्यांवर टांगलेली, खालून बुडबुडे.
वरचा दोरा तरफेला, तरफेच्या टोकाला लेखणी,
लेखणीपुढे काजळी धरलेला कागद, ढोलावर गुंडाळलेला.
टेबलावर संगणक असताना हुक्केरी बाई ढोलच लावतात.
त्यांचं मराठी भाजीबाजारापुरतं,
माझं कन्नड बसच्या पाटीपुरतं.
तेवढ्यात आमचे दोन निबंध छापून आलेत.

पहिला तास काही करायचं नाही.
आपण तोडले गेलोय हे शीर विसरते कधीतरी
आणि आपली आपण हलायला लागते.
बारीक टेकडी, बारीक टेकडी,
मध्येच एखादा यळ्ळूरचा गड.
हृदय नाही, मेंदू नाही, बोकडही नाही,
आणि हे चाललंय.

मग एक थेंब अँजिओटेन्सिन.
आठ मण्यांची माळ, त्याहून जास्त काही नाही.
लेखणी उभी चढते, कागदाच्या काठाला लागते.
अर्ध्या तासाने तोच थेंब, तेवढाच,
तर निम्मीच चढते.
याला इंग्रजीत लांबलचक शब्द आहे.
आमच्या गल्लीत म्हणतात, कळलं की गे, किती वेळा सांगशील.

हृदयातून निघालेली माळ मोठी, मधोमध गाठ मारलेली.
ती सैल हो म्हणते.
धमनी लगेच ऐकते. शीर
विचार करते.

आणि त्या दोघी बहिणी, नऊ-नऊ मण्यांच्या.
फरक फक्त दोन मण्यांचा.
एक मूत्रपिंडात पाणी अडवते,
दुसरी बाळंतिणीला पान्हा आणते.
बेळगाव, बेळगावी:
एका वेलांटीपायी एसटीच्या काचा फुटलेल्या
मी शाळेत जाताना पाहिल्यात.
शीर मात्र दुसरीच्या हाकेलाही चुकून ओ देते,
थोडीशी आवळते.
बाईंनी त्या चुकीचंच मोजमाप घ्यायला सांगितलंय.

या स्नायूला आमच्या दहावीच्या पुस्तकात अरेखित म्हटलं होतं.
रेघा नसलेला.
बाईंना अर्थ फोडून सांगितला तेव्हा त्या हसल्या,
मग उठून खिडकी लावली. बाहेर मोर्चा चालला होता,
कुणाचा ते मी विचारलं नाही.

घरी आई.
निपाणीच्या वखारीत एकतीस वर्षं उभी राहून तंबाखू चाळला तिने.
पोटऱ्यांवर शिरा फुगलेल्या, निळ्या, गाठीगाठीच्या,
पावसाळी गांडुळं म्हणते ती त्यांना.
"तुझ्या त्या थेंबानं माझ्या आवळतील काय गं?"

नाही आवळणार.
आतल्या झडपा कधीच खचल्यात,
आणि भिंतीने रोज तेच ऐकलंय,
उभी राहा, उभी राहा, शिट्टी होईपर्यंत.
हे मी बोलत नाही.
पाय वर घेते, उशीवर ठेवते,
अंगठ्याने एक गाठ दाबते.
ती मुकाट सपाट होते.
अंगठा उचलते, तर खालून
हळूहळू, घाई नसल्यासारखी भरत येते.

"काय सांगत्ये?" आई विचारते.
तिच्या हातांना अजून तंबाखूचा वास.
"तासभर काही करायचं नाही म्हणते."
"बरं," म्हणून आई डोळे मिटते,
आणि चार मिनिटांत
दूध बघायला उठते.