दोन-सहाचं माप

शुक्रवारी नमाजाच्या वेळी गल्ली रिकामी झाली
की मी पलंगाखालची पेटी ओढतो.
एकोणीस हातकड्या, सात जोड पायबेड्या,
आणि एक वस्तू, जिचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

रुवीतली ही खोली. भिंतीला बोट लावून चाटलं तर खारट.
इथं लोखंड दोन दिवसांत तांबूस होतं.
खोबरेल लावू नये. पहिल्या वर्षी लावलं होतं,
खटके चिकटले, मुंग्या झाल्या.
आता समोरचा विपुलसेना, दिशदाशा शिवणारा,
अर्धी वाटी मशीनचं तेल देतो
आणि गुंडाळायला पांढऱ्या चिंध्या.
‘तुझ्याकडे मशीन कुठलं?’
असं त्यानं नऊ वर्षांत विचारलेलं नाही.

प्रत्येकीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली:
कुठं मिळाली, किती रियाल,
किल्ली डावीकडे फिरते की उजवीकडे,
आणि माप.
माप मी बांगड्यांचं लिहितो. दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ.
दुसरं मला येत नाही.

अण्णा कासार. संगमेश्वरच्या बाजारात
ओट्यावर बसून पुढ्यातला हात नुसता बघायचे
आणि नेमका जुडगा उचलायचे.
हात कामाचा, हाडाचा, बांगडी अंगठ्यापाशी अडायची.
बाई दात आवळायची. अण्णा बोटं चेपत म्हणायचे,
‘सैल सोड गो. हात तुझा नव्हेच, असं समज.’
आणि बांगडी आत.

ती ठरलेली नसलेली वस्तू मत्राच्या सुकातली.
शंबे बलुचीच्या दुकानात, भांड्यांच्या मागे,
साखळी वीतभर, कडी जाड, आतून गुळगुळीत झालेली.
रात्रभर मी तिच्यात एक माणूस चालवला.
त्याची पावलं मोजली. त्याला नावही दिलं.
दुसऱ्या दिवशी बारा रियाल मोजले,
तेव्हा शंबे चहा ओतत म्हणाला,
‘घोडीची आहे. रात्री चोरू नये म्हणून तंबूसमोर घालायचे.
माणसासाठी इतकं चांगलं लोखंड कोण वापरतो?’
तिच्या चिठ्ठीवर मापाची जागा कोरी आहे.

चाचणीचा नियम एकच:
आधी किल्ली मोकळ्या हातात, मग कडी.
घालायची, दाते मोजायचे, उघडायची. तीनदा.
मागच्या शुक्रवारी तिसऱ्यांदा
किल्ली आतच मोडली.

तेवढ्यात हेमलताचा फोन, चेहरा दिसणारा.
उजवा हात टेबलाखाली घेतला.
ती स्लॅबबद्दल बोलली, गवंडी दोन दिवस आला नाही,
धाकटीला चष्मा लागला.
मी हो हो म्हणत होतो. साखळी गुडघ्यावर गार.
‘दुसरा हात कुठाय तुमचा?’
‘तेलाचा आहे.’
ते खोटं नव्हतं.

मग मोरीत. साबण, पाणी, पुन्हा साबण.
ओढलं तर हात फुगतो, हे ओट्याशेजारी बसून
लहानपणीच शिकलो होतो. तरी ओढलं.
कुणाला हाक मारणार? आणि सांगणार काय?
हा छंद आहे, साहेब. आवड.
नळाखाली मनगट धरून उभा राहिलो
आणि मोठ्यानं म्हणालो, एकटाच,
हात तुझा नव्हेच, असं समज.

बावीस वर्षं वाल्व फिरवणारा हात.
त्याला समजायला फार वेळ लागला नाही.
अंगठ्याच्या बुडाची साल गेली, बस.

कडी बादलीच्या तळाशी, बंद,
तितकीच गोल.
बांगडी फुटली असं आमच्याकडे म्हणत नाहीत,
वाढवली म्हणतात.
हिला काय म्हणायचं, सुचेना.
चिठ्ठीवर लिहिलं: दोन-सहा. किल्ली नाही. निघते.

संध्याकाळी वाटी घेऊन समोर गेलो.
विपुलसेनानं अंगठ्याकडे पाहिलं,
मशीन थांबवलं नाही,
आणि या खेपेला वाटी काठोकाठ भरून दिली.