हरवल्याची नोंद

भोईवाडा पोलीस ठाण्यात
हवालदार गावितबाई विचारतात,
हरवलं की चोरीला गेलं?
दोन्हींच्या वह्या वेगळ्या.

हरवलं, मी म्हणते.
घडीची पांढरी काठी. ॲल्युमिनियमची, चार तुकड्यांची,
मुठीचं रबर अंगठ्यापाशी झिजलेलं.
केईएमच्या गेटापासून नायगावपर्यंत टॅक्सी केली त्या रात्री.
पिशवीत थर्मास होता, चपला होत्या, रिपोर्ट होते.
ती सीटवर राहिली असावी.

किंमत?
संस्थेने दिलेली. फुकट.
वापरतं कोण?
माझा भाऊ. म्हणजे, वापरायचा.
आणि आता?
आता कुणी नाही.

बाई पेन खाली ठेवतात.
मग हरवलं काय, मॅडम?

तेहतीस वर्षं रात्रीच्या कॉलेजात
मी ग्रीकांचं तत्त्वज्ञान शिकवलं
दिवसभर गोदीत माल मोजून आलेल्या पोरांना.
फळ्यावर लिहायचे : उणीव.
दगड आंधळा नसतो, सांगायचे,
डोळे दगडाच्या वाट्याचे नव्हतेच कधी.
जिथे असायला हवं तिथेच नसणं, ती उणीव.
बाकीचं नुसतं नसणं.
मागच्या बाकावर कुणी जांभई द्यायचा.
मला स्वतःला परीक्षेपुरतं कळलेलं असायचं.

दिनकर जन्मापासूनच तसा.
बारशाला कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून हे नाव.
बँकेत टेलिफोन ऑपरेटर,
अडीचशे नंबर तोंडपाठ,
आणि कोण कुणाशी खोटं बोलतंय तेही.

एकदा जेवताना त्याला शिंगांचं कोडं घातलं,
ग्रीकांचंच, जुनं :
जे तू हरवलं नाहीस ते तुझ्यापाशी आहे.
शिंगं तू हरवली नाहीस.
म्हणजे तुला शिंगं आहेत.

आई म्हणाली, शिंगं हिलाच फुटलीत, कॉलेजात गेल्यापासून.
दिनकर हसला, ठसका लागेपर्यंत हसला.
मग म्हणाला, शिंगं राहू देत.
डोळे मी कधी हरवले?
काढ चूक.

चूक होती. पुस्तकात दीड पान होती.
मी उठले, चष्मा शोधला, वाचून दाखवली.
तो बांगड्याचा काटा जिभेवर चाचपत
ऐकत राहिला,
माझंच काहीतरी सांडलंय अशा मायेने.

हे गावितबाईंना कसं सांगू.
दोनच वह्या आहेत.
ज्याचं होतं त्याला परत केलं,
अशी तिसरी नाही.
ग्रीकांत तसं मानणारे होते, शांत माणसं.
त्यांच्यावर मी दहा-दहा गुणांचे प्रश्न काढले.
परत करताना हात किती वेळ पुढे राहतो,
हे कुठल्याच उत्तरात नव्हतं.
मीही मागितलं नव्हतं.

लिहा, मी म्हणते, मालक :
दिनकर गोविंद चेंदवणकर, राहणार नायगाव.

राहणार?
बाई वर बघतात.
मीही त्या शब्दाकडे बघते.
आयुष्यभर किती अर्जांवर लिहिला असेल,
आणि त्यातला उद्या
कधी ऐकूच आला नव्हता.

त्या नुसतं ‘रा.’ लिहितात. पुढे टिंब.
शिक्का मारतात, कागद फाडून देतात.
सापडली तर फोन करू, म्हणतात,
आणि तसं म्हणायला त्या बांधील नव्हत्या.

बाहेर फुटपाथ खणून ठेवलाय,
पेव्हर ब्लॉकचा ढीग, वर झोपलेलं मांजर.
पुढे खड्डा आहे, मी म्हणते.
मोठ्याने.